बेंजोची कुळकथा

उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची वाट पाहत बसलो होतो. ओहोटी होती. मोऱ्याला ओहोटी म्हणजे गाळ, आणि गाळ म्हणजे लाँचला उशीर. शेजारी एका बेंजो पार्टीचं सामान मांडलेलं होतं. दोन भोंगे, गाडीची बॅटरी, घासून कडा उजळलेला अँप्लिफायर, ताशे, आणि चादरीत गुंडाळलेली एक लांबट लाकडी पेटी. वाजवणाऱ्या पोराने तारा पुसायला पेटी उघडली, आणि माझं लक्ष तिच्या बटणांवर गेलं. गोल, किंचित खोलगट, बारीक दांड्यांवर बसवलेली बटणं. ऐन तरुणपणी इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा देताना ज्या बटणांवर बोटं आपटली, तीच ही.

"ही बटणं टाइपरायटरची का रे?" मी विचारलं.

"नाय दादा, बेंजोचीच असतात," तो म्हणाला.

आम्ही दोघंही बरोबर होतो, हे कळायला मला बरेच महिने लागले.

आगरी-कोळ्यांच्या हळदीत, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत, गणपतीच्या चित्ररथापुढे जो बेंजो वाजतो, तो जन्माने जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो या वादकाने तो घडवला. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव ताइशोगोतो. मोरिता परदेश फिरून आलेला होता. जपानातलं जुनं दोन तारांचं वाद्य त्याला ठाऊक होतं, आणि टाइपरायटरच्या कळा त्याने पाहिल्या होत्या. त्याने दोन्हींची सांगड घातली. डाव्या हाताने कळ दाबायची, की खाली तार दाबली जाते. उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. पडद्यावर बोट नेमकं कुठे ठेवायचं, हे शिकायची गरजच उरली नाही.

हे वाद्य मुंबईला कसं आलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते कापसाच्या परतीच्या बोटीने आलं असणार. १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई-जपान बोटींची फेरी सुरू केली. पी अँड ओ कंपनीची भाड्यातली मक्तेदारी मोडायला जमशेटजी टाटांनी तिला साथ दिली. जाताना या बोटी वऱ्हाड-खानदेशचा कापूस नेत, आणि येताना जपानचा स्वस्त माल आणत. खेळणी, काचसामान, आणि पुढे बहुधा अशा पेट्याही. या बोटी ज्या बंदरात नांगर टाकत, त्याच्या एका काठाला भाऊचा धक्का आणि दुसऱ्या काठाला मोरा. तेव्हा पनवेल तालुक्यात गणल्या जाणाऱ्या उरणचा हा किनारा जपानी मालापासून एका खाडीच्या अंतरावर होता.

इथवरचं सोपं होतं. अडलं ते नावाशी. जपानी वाद्याला अमेरिकेतल्या बँजोचं नाव कशाला?

खरा बँजो म्हणजे ढोलक्यासारखं चामडं ताणलेलं, लांब मानेचं वाद्य. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी ते वेस्ट इंडीज आणि अमेरिकेत घडवलं. थॉमस जेफरसनने व्हर्जिनियावरच्या पुस्तकात त्याला 'बँजार' म्हटलं आहे आणि ते आफ्रिकेतून आल्याचं नोंदवलं आहे. त्या शब्दाच्या मुळाबद्दलही दोन तट आहेत. एक म्हणतो, अंगोलाच्या किंबुंदू भाषेतल्या 'म्बांझा'पासून. दुसरा म्हणतो, स्पेन-पोर्तुगालच्या 'बांदुरिया', 'बांदोरा' या वाद्यनामांपासून.

या दुसऱ्या तटाने मला बराच काळ भुलवलं. उरण-करंजावर पोर्तुगीजांचा अंमल दोनशे वर्षांच्या आसपास होता. मग शब्द थेट पोर्तुगिजांकडून आपल्या किनाऱ्यावर आला असेल, अमेरिकेचा फेरा कशाला? पण उच्चार आडवा येतो. पोर्तुगीज शब्दातला 'आ' आपण 'आ'च ठेवला. 'साबांव'चा 'साबण' झाला, 'चावी'तला 'आ' जागचा हलला नाही. त्या वाटेने 'बांज' किंवा 'बांझू' आला असता. आपण म्हणतो 'बेंजो'. हा 'बे' इंग्रजी 'बॅ'चा आहे. 'बँड'चा 'बेंड' आणि 'बँके'ची 'बेंक' करणाऱ्या तोंडातूनच 'बँजो'चा 'बेंजो' होतो. शब्द इंग्रजीतून आला, हे मला इथेच पटलं.

दुसरी शक्यता मीच सुचवून पाहिली. 'बेंडबाजा' बोलता बोलता झिजून 'बेंजो' झाला असेल. ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. बेंडबाजा हा सगळा ताफा, बेंजो हे एक वाद्य. ताफ्याचं नाव झिजून एकट्या वाद्याला चिकटत नाही. उलट झालं आहे: वाद्याच्या नावावरून अख्ख्या ताफ्याला 'बेंजो पार्टी' म्हणतात.

शिवाय या कल्पनेला खोडून काढणारा पुरावा मुंबईच्या बाहेर सापडतो. कराचीत आणि बलुचिस्तानात हेच जपानी वाद्य 'बेंजू' म्हणून वाजतं, आणि तिथे ते बलुची लोकसंगीताचा कणा झालं आहे. बलुची माणसाला आपला बेंडबाजा कशाला आठवेल? पण कराची आणि मुंबई ही दोन्ही बंदरं १९३६पर्यंत एकाच मुंबई इलाख्यात होती. बोटी तीच, व्यापारी तेच, कारकुनाची इंग्रजी तीच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झांजिबार-मोंबासाच्या तारब संगीतात मात्र या वाद्याचं जपानी नाव थोडं मोडून टिकलं, 'ताइशोकोतो'. मालदीवमध्ये त्याच्या विजेवरच्या रूपाला 'मेंडोलिन' म्हणतात, म्हणजे मँडोलिन. झांजिबार-मोंबासा सोडलं, तर ज्या बंदरात जे तारेचं परदेशी वाद्य लोकांच्या ओळखीचं, त्याचं नाव या पेटीला मिळालं. मुंबई इलाख्यात ते बँजो होतं, आणि सिंध वेगळा होण्याच्या आगेमागेच हे नाव दोन्ही बंदरांत रुजलं असणार, असं माझं ठाम मत आहे.

आता प्रतिपक्ष विचारेल: मग 'बुलबुलतरंग'चं काय? याच वाद्याला दुकानात आणि शिकवणीच्या वर्गात ते गोंडस नाव होतं. दोन नावं का? माझं उत्तर असं, की दोन नावं दोन जागांची आहेत. बुलबुलतरंग मांडीवर, सतरंजीवर, चार माणसांसाठी. बेंजो रस्त्यावर, गर्दीसाठी. आणि रस्त्यावर नेणारी गोष्ट होती ती त्या धक्क्यावर ठेवलेली बॅटरी.

इथे मला या कुळकथेतला सर्वांत मोलाचा दुवा सापडला.

ध्वनिक्षेपक बॅटरीवर चालवणं ही अडचणीतून काढलेली पळवाट नव्हे. १९१५ साली कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिधम यांनी मॅग्नाव्हॉक्स हा कर्णा लोकांसमोर आणला, तेव्हा त्याच्या आतलं चुंबकही बॅटरीच्या प्रवाहावरच चालत होतं. मिरवणुकीत अडचण असते ती ताकदीची. १२ व्होल्टची बॅटरी व्होल्टेज न वाढवता वापरली, तर ४ ओहमच्या स्पीकरला गणिताने जेमतेम १८ वॉट देते. साध्या पेटीतल्या स्पीकरला १ वॉट दिला, तर एक मीटरवर साधारण ९० डेसिबल आवाज मिळतो. भोंग्याच्या युनिटला तोच १ वॉट दिला, तर ११०च्या जवळ. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट ताकदीची बचत. जिथे पेटीला हजार वॉट लागतील, तिथे भोंग्याला दहा पुरतात. म्हणून हातगाडीवरची बॅटरी आणि वरचा भोंगा हे जोडीनेच जन्मले.

पण भोंगा सगळं वाजवत नाही. खालचे, खर्जाचे सूर त्यातून निघत नाहीत; मधले आणि वरचे सूर तो भाल्यासारखे फेकतो. आता बेंजो ऐका. त्याचा सगळा जीव मधल्या आणि वरच्या सुरांत आहे. खर्ज लागतो तो ढोल देतो, आणि ढोलाला बॅटरी लागत नाही. कामाची ही वाटणी इतकी चोख आहे, की कुणी कागदावर आखली असती तरी अशी जमली नसती.

सनई का नाही, हार्मोनियम का नाही, असं विचारलं जातं. सनईला आणि हार्मोनियमला माईक लागतो, आणि भोंग्याखाली धरलेला माईक शिट्टी मारतो. बेंजोच्या तारा पोलादी. त्यांच्याखाली गिटारचा चुंबकी पिकअप बसवला, की तो हवेतला गोंगाट जवळजवळ ऐकतच नाही, फक्त तारेचं थरथरणं उचलतो. भोंग्यापासून चार हातांवर उभं राहूनही वाजवता येतं. गळ्यात पट्टा अडकवून चालताही येतं. रस्त्यावरच्या निवडीत बेंजो जिंकला तो याच गुणांवर. गोडवा सनईचा जास्त आहे, हे मी मान्य करतो.

बाकीचा प्रवास सर्वांना माहीत आहे. हातगाडीची जागा टेंपोने घेतली, बॅटरीची जागा जनरेटरने. ताफ्यात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. २०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला. पुढे डीजेच्या भिंती आल्या, आणि त्यांच्यापुढे माणसाने वाजवलेला कुठलाच सूर ऐकू येईना.

म्हणून मोरा, करंजा आणि उरणच्या मंडळांना माझं सांगणं आहे. जुनी जोडी परत आणा. आजचे डी वर्गाचे अँप्लिफायर बॅटरीतली नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद आवाजापर्यंत पोहोचवतात. जुने जेमतेम निम्मी पोहोचवत. साठ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली आणि सरासरी पाच अँपिअर ओढले, तरी सहा तासांची मिरवणूक होते. तेवढ्यात नारळ कोळीवाड्यातून बंदरावर पोचून समुद्राला अर्पणही होतो. धूर नाही, जनरेटरची घरघर नाही, आणि सोबत गाणाऱ्या बायांचा आवाजही ऐकू येतो.

आणखी एक विनंती. कुणाच्या माळ्यावर आजोबांची जुनी बेंजोची पेटी असेल, तर ती भंगारात घालू नका. उलटी करून तळाचा शिक्का पाहा, झाकणाच्या आतला कागद वाचा. १९३६च्या आधीच्या पेटीवर 'बँजो' छापलेलं निघालं, तर नाव दुकानदाराने दिलं आणि माझं बंदराचं मत पडलं. नुसतं जपानी नाव निघालं, तर ते उभं राहिलं. काहीही निघो, तो कागद जपून ठेवा.