मनगटाला मनगट लावल्यावर

सुरुवात माझ्या फजितीने करतो.

काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या घरी न्हाणीघरात पाय घसरून पडलो. हाड मोडले नाही, पण मनात भीती बसली. डॉक्टर म्हणाले, तोल सुधारेल असा काही व्यायाम करा. पुतण्याने ताई ची या चिनी व्यायामाची सीडी आणून दिली. चोवीस मुद्रांचा तो संथ क्रम मी वर्षभर गच्चीवर रोज पहाटे केला. शेजारी कौतुक करू लागले आणि आपल्याला ताई ची येते असे मलाही वाटू लागले.

पुढे एका लग्नाच्या निमित्ताने अमरावतीला गेलो. सकाळी बागेत चारपाच जण हाच व्यायाम करताना दिसले, म्हणून मीही त्यांच्यात उभा राहिलो. क्रम संपल्यावर त्यांचा शिक्षक, माझ्या मुलाच्या वयाचा, समोर आला आणि म्हणाला, "काका, मनगटाला मनगट लावा." मी लावले. त्याने हात किंचित पुढे आणला, मी जोराने अडवला, आणि दुसऱ्या क्षणी दोन पावले मागे भेलकांडलो. तो म्हणाला, "काका, एवढा जोर कायले लावता? मी त काईच केलं नाई!"

खरेच, त्याने काही केले नव्हते. मी ढकलले तेव्हा त्याने कंबर वळवून वाट दिली. दचकून मी हात मागे घेतला तेव्हा तो माझ्याच हाताबरोबर पुढे आला. पडण्याचे सगळे काम माझे मीच केले होते.

या सरावाला चिनी भाषेत 'तुई शौ' म्हणतात, म्हणजे हात ढकलणे. त्यात चार मूळ क्रिया आहेत: 'पंग' म्हणजे फुगलेल्या चेंडूसारखे तोलून धरणे, 'ल्यू' म्हणजे आलेला जोर बाजूला वळवून नेणे, 'ची' म्हणजे दाबणे आणि 'आन' म्हणजे ढकलणे. पाठीचा कणा सरळ, खांदे सैल, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकता, आणि हाताची हालचाल कमरेतून आलेली, हे नियम मला सीडीवरून पाठ होते. पण जोडीदाराच्या हाताच्या स्पर्शातून त्याचा पुढचा विचार ओळखणे, ज्याला ते लोक 'ऐकणे' म्हणतात, ते सीडी कसे शिकवणार?

त्या दिवशी मला साठेक वर्षांपूर्वीचे आमचे वस्ताद आठवले. अकोल्याच्या जुन्या वस्तीतल्या आखाड्यात ते आम्हा पोरांना फरी-गदगा शिकवत. एका हातात कातडी मढवलेली काठी, दुसऱ्या हातात लहान ढाल. समोरच्याच्या काठीवर नजर खिळली की वस्ताद ओरडत, "काठीकडे काय पाह्यतं रे पोट्ट्या? त्याच्या खांद्याकडे पाह्य!" कुस्तीत कोणी भिंतीसारखा ताठ उभा राहिला की त्यालाच आधी चीत करून दाखवत. समोरचा रेटत आला की त्याचा रेटा अंगावर घेऊन, वळून, त्याला पाठीवरून फेकायचे, हा धोबीपछाड आम्ही शिकलो तो असाच. चीनचे नावही आमच्या वस्तादांनी युद्धाच्या बातमीपलीकडे ऐकले नसावे. पण बागेतल्या त्या तरुणाने मला जे दाखवले, ते मी एकदा शिकून विसरलो होतो.

विसरलो कसा? हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. त्याला इतिहास आहे.

ताई चीचे मूळ हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावाकडे जाते. तिथे यांग लूछान (१७९९–१८७२) शिकला आणि त्याने ही विद्या पेकिंगला नेली. त्याचा नातू यांग चंगफू याने तिला संथ, एकसारख्या गतीचे रूप देऊन सामान्य माणसांपर्यंत पोचवले. त्या काळी चीनला 'आशियाचा आजारी माणूस' म्हणून हिणवले जाई. उत्तर म्हणून १९२८ मध्ये नानकिंगला देशी युद्धकलांची केंद्रीय संस्था उभी राहिली.

आपल्याकडे हेच आधी घडले होते. १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढचा श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. गुलामगिरीत दुबळा ठरवलेला समाज उभा करायचा, हीच ईर्षा त्यामागे होती. आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने ही दोन्ही टोके एका शहरात आली. अमरावतीच्या पथकाने तिथे कबड्डी आणि इतर देशी व्यायामप्रकार दाखवले. चीनचे सहा पुरुष आणि तीन स्त्रियांचे पथकही तिथे आपल्या युद्धकला दाखवून गेले. वऱ्हाडच्या मातीतली विद्या त्या काळी एवढ्या लांब गेली, याचा अभिमान मला आजही वाटतो.

पण प्रदर्शनाची एक किंमत असते. आखाड्यात तोंड जोडीदाराकडे असते, मैदानावर ते प्रेक्षकांकडे वळते. शंभर जणांनी एका शिट्टीवर हात वर करायचा तर प्रत्येकाला पुढची हालचाल आधीच माहीत हवी. जोडीचे डावही मग ठरवून, बसवून केले जातात. याच सुमारास बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे खंड काढले. केवढे मोठे काम! पण चित्रात पवित्रा दिसतो, हातावरचा दाब दिसत नाही. चीनमध्ये १९५६ साली सरकारी क्रीडा खात्याने चोवीस मुद्रांचा सोपा क्रम तयार केला. तो कोट्यवधी लोकांपर्यंत, माझ्या गच्चीपर्यंतही आला. पण तो एकट्याने करायचा क्रम होता. जोडीदार मागेच राहिला.

आपला मल्लखांब पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे जीवन दिले. पैलवानाच्या अंगात पकड आणि चपळाई यावी म्हणून तो होता. खांब म्हणजे न हलणारा जोडीदारच. पण खांबावर कमावलेले अंग शेवटी मातीत, जिवंत माणसाशी भिडवायचे असे.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. जोडीचा सराव म्हणजे स्पर्श. ज्या अमरावतीत हा आखाडा वाढला, त्याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाचा प्रश्न पेटला होता. त्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली इथे परिषद भरली. कोणाचा स्पर्श चालतो आणि कोणाचा नाही, यावर गाव भांडत होते. लाल मातीत घामाला जात नसते असे आपण अभिमानाने म्हणतो. पण मातीत उतरायला आधी आखाड्याचे दार उघडे लागते, आणि प्रत्येक गावात ते प्रत्येकासाठी उघडे नव्हते. आमच्या आखाड्यात कोण कोण येत नव्हते, हा प्रश्न लहानपणी मला पडला नाही. आता पडतो. ज्याच्या मनगटाला आपण मनगट लावलेच नाही, त्याचा जोर कुठून येतो हे आपल्याला कसे कळणार?

युनेस्कोने २०२० मध्ये ताई चीला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आपल्या फरी-गदग्याला असे काही मिळेल तेव्हा मिळेल. तोवर एवढे तरी करता येईल की, आपल्या गावात एखादे जुने वस्ताद असतील तर त्यांच्याकडे मोबाइलवर चित्रण करायला जाण्याआधी हात पुढे करून जावे.

मी अकोल्याला परतल्यावर गच्चीवरून खाली उतरलो. गल्लीतल्या एका निवृत्त एसटी चालकाला तयार केले. पहिल्या दिवशी ते लाजले. म्हणाले, "या वयात हातात हात घेऊन काय उभं राह्याचं, मास्तर? लोक हासतील ना." लोक हसलेच. आता रोज सकाळी अर्धा तास आम्ही समोरासमोर उभे असतो. परवा त्यांनी मला पुन्हा एकदा भेलकांडवले. पण या वेळी मी पडलो नाही. पाऊल मागे पडले आणि तिथेच टिकले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)