जीपचा मागचा अ‍ॅक्सल आणि सहा हजारांश इंच

पंजाबच्या पोस्टिंगमध्ये एका रविवारी खेमकरणजवळच्या असल उत्तरला गेलो होतो. चहूकडे शेतं आणि मध्ये अब्दुल हमीद यांचं स्मारक. सप्टेंबर १९६५ मध्ये ४ ग्रेनेडियर्सच्या या कंपनी क्वार्टरमास्टर हवालदाराने जीपवरच्या १०६ मिलिमीटर आरसीएल गनने पॅटन रणगाडे फोडले. तिथेच ते शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

सगळे गनबद्दल बोलतात. मी ईएमईचा माणूस, माझी नजर आधी जीपच्या मागच्या चाकांकडे जाते. गनच सुमारे २०० किलोची, वर गोळे आणि माणसं. त्यातला बराचसा भार मागच्या अ‍ॅक्सलवर येतो, आणि धावायचं नांगरलेल्या शेतातून.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा मागचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग होता. म्हणजे गाडीचं वजन अ‍ॅक्सलची नळी पेलायची, आतल्या शाफ्टने फक्त चाक फिरवायचं. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहायचं. १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी म्हणून सीजे-२ए ही नागरी जीप आली आणि थोड्याच काळात घडण बदलली. आता सेमी फ्लोटिंग अ‍ॅक्सल, म्हणजे वजनही शाफ्टवरच. आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-३बी जीपमध्येही हीच पद्धत होती. तेव्हापासून एका बारीक मापाची जबाबदारी मेकॅनिकच्या हातावर आली. ते माप म्हणजे एंड प्ले, शाफ्टची आतबाहेर होणारी हालचाल.

ते किती हवं? ०.००१ ते ०.००६ इंच. मिलिमीटरमध्ये जास्तीत जास्त ०.१५, म्हणजे जेमतेम दोन केसांची जाडी.

मी नवा क्राफ्ट्समन असताना आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी जीप परेडसाठी तयार होत होती. मागचे बेअरिंग बदलायचं काम माझ्याकडे आलं. पुलर लावून हब काढला, नवे टेपर रोलर बेअरिंग बसवले. ब्रेकची बॅकप्लेट आणि अ‍ॅक्सलचा फ्लँज यांच्यामध्ये शिम असतात, पातळ पत्र्याच्या चकत्या. शिम वाढवली की प्ले वाढतो, काढली की कमी होतो. मला वाटलं, चाक जितकं घट्ट तितकं काम पक्कं. मी शिम काढत गेलो. शाफ्ट अजिबात हलेना तेव्हा समाधान झालं.

उस्ताद काही बोलले नाहीत. पाच किलोमीटर फिरवून आण, एवढंच म्हणाले. परत आल्यावर त्यांनी माझा हात धरून ड्रमजवळ नेला. हात ठेवता येईना. "बेटा, लोहा भी गरम होके फैलता है. उसको जगह तो दे."

मग त्यांनी सगळं पुन्हा खोलायला लावलं. तापलेले रोलर फेकून दिले. नवे बसवून शाफ्टच्या टोकावर शिशाच्या हातोडीने ठोकलं, म्हणजे बेअरिंगचा कप नीट टेकतो. डायल गेज लावून शाफ्ट ढकलला, ओढला, काटा वाचला. दोन्ही बाजूंचे शाफ्ट मध्ये एका ठोकळ्याला टेकतात, त्यामुळे एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगपर्यंत जातो. म्हणून शिमची जाडी दोन्हीकडे सारखी ठेवायची, हेही तेव्हाच शिकलो. गेज चार हजारांशावर थांबला तेव्हा उस्तादांनी मान हलवली.

प्ले जास्त सोडला तरी गत नाही. वळणावर शाफ्ट ठोकर देतो, सील झिजतं, तेल-ग्रीस ब्रेकवर उतरतं. ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

स्मारकापाशी उभा असताना हेच आठवत होतं. १९६५ मध्येही कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये कुणीतरी कंदिलाच्या उजेडात शिम मोजल्या असतील. मानपत्रात अशा हातांची नावं नसतात, आणि त्याची तक्रारही नाही. जीप शेतातून धावली आणि गन जागेवर पोचली, त्यांच्या कामाची नोंद तेवढीच.

तुमच्यापैकी कुणी जुनी जीप सांभाळत असाल तर पाच किलोमीटर चालवून झाल्यावर मागच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा. पण जपून.