हलालखोर आणि माटुंग्याचा गॅस

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात 'हलालखोर कर' होता. घरोघरचा मैला उचलण्याच्या कामासाठी तो घेत. हलालखोर म्हणजे हलाल कमाई खाणारा. सफाई करणाऱ्यांसाठी हे नाव अकबर बादशहाने रूढ केले, असे अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त सांगतो. नाव इज्जतीचे मिळाले, डोक्यावरची मैल्याची पाटी मात्र तशीच राहिली.

त्याच मुंबईत वेगळे काहीतरी घडले. आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान सुरू झाले. तेच आजचे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय. १८९७ च्या सुमारास तिथल्या मैल्याच्या टाक्यांवर गॅस साठवण्याची सोय झाली आणि त्या गॅसवर इंजिन चालवले गेले. बंद टाकीत हवा शिरत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवतात आणि मिथेन सुटतो, तोच जळतो. (हा प्रयोग १८५९ चा, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. आश्रयस्थानच १८९० चे, मग १८५९ कुठून आले? 'जगात पहिले आपणच' म्हणण्याची घाई, दुसरे काय!)

शहराने ज्यांना बाहेर काढले, त्यांच्या मैल्यावर इंजिन चालले. तरीही मैला डोक्यावरून वाहण्यावर देशात कायद्याने बंदी आली ती १९९३ मध्ये. तंत्र मधल्या काळात पुढे गेले, पण शेणाच्या वाटेने. जशभाई पटेलांचे 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र १९५१ च्या सुमारास आले, पुढे खादी आयोगाने ते गावोगाव नेले आणि त्याचे नावच 'गोबर गॅस' पडले. शेण लोकांना चालले. संडास त्याला जोडायचे म्हटले की चुलीची किळस यायची. पुण्याजवळ देहूत डॉ. मापुसकरांनी गावकऱ्यांची समजूत घालत घालत संडासाला जोडलेली संयंत्रे उभी केली. मरणोत्तर पद्मश्री मिळाली २०१७ मध्ये.

नापाक वस्तूपासून निघालेल्या गॅसवर शिजवलेले चालेल का, असे आपल्यातही कुणी विचारेल. हनफी फिक्हमध्ये 'इस्तिहाला' आहे. वस्तूचे मूळ रूपच पालटले की तिचा हुकूमही पालटतो. दारूचा सिरका झाला की तो हलाल. आणि आपल्या आजी-नानींनी गोवऱ्यांवर भाकऱ्या भाजल्याच की! मला तरी यात अडचण दिसत नाही.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्यांपासून घरगुती संयंत्र बनवले. त्यात शेणाऐवजी खरकटे आणि खराब धान्य घालायचे. २००६ मध्ये त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. महापालिकेनेही ओल्या कचऱ्याचे बायोगॅस प्रकल्प उभारले. पण टाकीत प्लॅस्टिक गेले की काम अडते. म्हणून कचरा आधी वेगळा करावा लागतो. तो घरातच झाला नाही, तर कचरा वेचणाऱ्या बायकांना करावा लागतो. २००८ पासून पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सदस्य घरोघर जातात, त्यांत दलित स्त्रिया बहुसंख्य. नारायण पेठेच्या बोळात जिन्याखाली ठेवलेल्या बादलीतून डायपर आणि पिशव्या त्या हातानेच बाजूला काढतात.