झोळी, दोरी आणि शेजारी

आपल्याकडे माणसाला टांगून झोपवण्याची मुदत फार थोडी असते. बाराव्या दिवशी पाळण्यात घालतात, नाव ठेवतात, पेढे वाटतात आणि वर्ष-दीड वर्षानं पाय पाळण्याबाहेर यायला लागले की उचलून खाली गादीवर टाकतात. तेव्हापासून जो माणूस खाली येतो, तो कायमचाच. पुढं बाज येते, पलंग येतो, चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं नुसती फळी येते. पण टांगलेपणाचं ते सुख परत काही मिळत नाही. शेताच्या बांधावर बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून त्यात झोपवलेलं पोर दिसलं, की मला त्याचा मनापासून हेवा वाटतो. त्याला तो हेवा कळत नाही. ते झोपलेलं असतं.

पण जगात असेही लोक होते की जे झोळीतून कधी उतरलेच नाहीत. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर राहणारे ताइनो लोक जन्मभर झोळीतच झोपत. कापसाच्या सुताची विणलेली ती झोळी. तिला ते 'हामाका' म्हणत. तिचाच पुढं इंग्रजीत 'हॅमक' झाला. आता ही हॅमक गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात नायलॉनच्या पिशवीत बसून येते आणि मंडळी ती हौसेनं दोन झाडांना बांधतात. एक बांधतात तोवर सगळं ठीक चाललेलं असतं. तिच्या शेजारी दुसरी बांधायला घेतली की मात्र इतिहास सुरू होतो. कारण हॅमकचा सगळा इतिहास म्हणजे, माझ्या मते, दुसरी झोळी किती अंतरावर टांगायची आणि दोरी किती ताणायची, या दोन प्रश्नांचाच इतिहास आहे.

युरोपियन माणसानं ही झोळी प्रथम पाहिली ती 1492 साली. कोलंबस निघाला होता आपल्याकडे यायला आणि पोचला बहामा बेटांवर. 17 ऑक्टोबरच्या नोंदीत तो म्हणतो की, इथल्या लोकांचे बिछाने कापसाच्या जाळ्यांसारखे आहेत. परक्याच्या घरात शिरल्यावर पहिलं लक्ष अंथरुणाकडं जावं, हे जरा चमत्कारिक वाटतं खरं. पण त्याच्या खलाशांची अवस्था बघा. त्या काळच्या जहाजावर साध्या खलाशाला बिछाना नसे. डेकच्या फळ्यांवर जागा सापडेल तिथं, अंगावरच्या कपड्यांनिशी पडायचं. जहाज कललं की गडगडत शेजाऱ्याच्या अंगावर जायचं आणि उलट कललं की शेजाऱ्याला बरोबर घेऊन परत यायचं. अशा माणसाला वाऱ्यावर झुलणारा बिछाना दिसल्यावर सोन्याचाही क्षणभर विसर पडला असेल. क्षणभरच.

आठ वर्षांनी, म्हणजे 1500 साली, पोर्तुगीजांचा काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. त्याच्या ताफ्यात पेरू वाझ द कामिन्य नावाचा एक लेखनिक होता. त्यानं 1 मे रोजी राजाला लिहिलेलं लांबलचक पत्र आजही उपलब्ध आहे. तिथल्या एकेका घरात तीस-चाळीस माणसं राहतात, घराला आतून पुष्कळ खांब असतात, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत उंच जाळं बांधून त्यात ते झोपतात आणि ऊब राहावी म्हणून खाली विस्तव करतात, असं त्यानं त्यात लिहिलं आहे. जाळं म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'रेद'. ब्राझीलमध्ये हॅमकला अजूनही रेदच म्हणतात. हा ताफा तिथून पुढं आपल्या कालिकतला आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथं पोर्तुगीजांच्या वखारीवर झालेल्या हल्ल्यात कामिन्य मारला गेला. झोळीची इतकी नीट बातमी देणारा हा माणूस मलबारच्या किनाऱ्यावर कायमचा झोपला, याचं मला उगीचच वाईट वाटतं.

आता त्याच्या पत्रातली मेख बघा. एका घरात चाळीस माणसं, त्यांच्या झोळ्या त्याच खांबांना, आणि तरी सगळे स्वस्थ झोपलेले! याचं रहस्य दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे ही झोळी चांगली रुंद असते आणि तिच्यात तिरपं झोपायचं असतं. तिरपं झोपलं की पाठ जवळजवळ सपाट राहते. सरळ लांबीत झोपलं की माणसाचं केळं होतं. आणि दुसरी म्हणजे दोरीला ढील लागते. पतंगाच्या मांज्याला देतात तीच ढील.

ढिलीचं गणित शाळेतल्या त्रिकोणमितीत बसतं. दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करून खाली आली, तर साठ किलोच्या माणसामुळं प्रत्येक दोरीवर साठ किलोचा ताण येतो. दोरी ताणून कोन 15 अंशांवर आणला, तर तोच ताण जवळजवळ 116 किलो होतो. आणि आणखी ताठ, 5 अंशांवर नेली, तर माणूस साठ किलोचाच राहतो पण दोरीला तो 344 किलोचा वाटू लागतो. तुटेपर्यंत ताणू नये, असं आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवलंच आहे. त्यांनी त्याचा कोष्टकातला पुरावा दिला नाही, एवढंच.

आमच्या दाजींना मात्र हे मान्य नाही. एकदा एका आमराईत आम्ही दोघांनी त्याच दोन झाडांना दोन झोळ्या बांधल्या. मी माझी सैल सोडली. दाजी म्हणाले, "अहो, ही झोळी आहे की पोत्याचं बूड? बिछाना कसा ताठ पाहिजे!" मी म्हटलं, "दाजी, जरा ढील द्या." पण माणूस बाजेवर वाढलेला, बाज सैल झाली की दोरी आवळायची, हा तिथला धर्म. त्यांनी झाडाला पाय लावून दोरी ओढली. झोळी खाटेसारखी ताठ झाली आणि दाजी तिच्यावर, तिच्यात नव्हे, एका कुशीवर तोल सांभाळत पडून राहिले. ते कूस बदलत तेव्हा अख्खं झाड हले आणि त्यांच्याबरोबर मीही जागा होई. थोड्या वेळानं ते खाली सतरंजीवर गेले. "सतरंजी ताठ आहे," असं त्यांनी जाता जाता सांगितलं.

दाजींचा हा स्वभाव मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर इंग्रजांच्या आरमाराकडं वळावं लागतं. सर वॉल्टर रॅले 1595 साली गयानाला जाऊन आला आणि पुढच्याच वर्षी छापलेल्या पुस्तकात त्यानं तिथल्या सुती हामाकांचा उल्लेख 'ब्राझीलचे बिछाने' असा केला. 1597 साली इंग्लंडच्या आरमारानं टांगत्या बिछान्यांसाठी कॅनव्हासचे तागे मंजूर केले. खलाशी फळीवरून वर उचलला गेला. आता जहाज कितीही कललं तरी झोळ्या लंबकासारख्या आपल्या जागी राहत आणि सगळ्या एकाच लयीत डोलत. त्यामुळं कुणी कुणावर गडगडत जायचा प्रश्न उरला नाही.

ही सोय सरकारच्या ध्यानात आल्याबरोबर सरकारनं फूटपट्टी काढली. सगळे एकाच लयीत डोलणार असतील तर मध्ये जागा हवी कशाला? साध्या खलाशाला झोळीसाठी रुंदी ठरली 14 इंच. जेमतेम दीड वीत! मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्याला 14 इंच म्हणजे काय हे समजावून सांगायला नको; पण तो निदान बसलेला असतो आणि कल्याणला उतरतो. इथं रात्र काढायची. समुद्रावर असताना निम्मे खलाशी पहाऱ्यावर असत आणि पहारेकऱ्यांच्या व झोपणाऱ्यांच्या झोळ्या आलटून पालटून टांगत, म्हणून प्रत्यक्षात 28 इंच मिळत. जहाज बंदरात सुखरूप पोचलं की सगळे झोपायला खाली येत आणि पुन्हा 14. संकटात ऐसपैस आणि सुखात दाटीवाटी, असा हा कारभार.

शिवाय दिवसा ती झोळी लोंबकळत ठेवायची सोय नव्हती. पहाटे शिट्टी झाली की ती गुंडाळून दोरीचे सात वेढे घालायचे. आपल्याकडे सात फेरे जन्मात एकदाच. तिथं रोज सकाळी. मग ती गुंडाळी लोखंडी कड्यातून पार होते का हे बघत. सैल बांधलेली कड्यातून जात नसे. पास झालेल्या गुंडाळ्या डेकच्या कठड्यावरच्या जाळ्यांत ओळीनं रचून ठेवत, म्हणजे लढाईत शत्रूच्या बंदुकीच्या गोळ्या त्यांत अडकाव्यात. रात्री ज्यात झोपायचं, त्याच्याच आडोशाला दिवसा उभं राहायचं. आणि एखादा लढाईत वा तापानं गेलाच, तर त्याला त्याच्याच झोळीत शिवून, पायाशी तोफेचे गोळे घालून समुद्रात सोडत. पाळणा, तटबंदी आणि कफन, तिन्ही एकाच कॅनव्हासात! सरकारी खात्यानं कापडाचा इतका काटकसरीचा उपयोग दुसरीकडं कुठं केला असेल असं वाटत नाही.

यातला एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, बरं का. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानाची 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ फ्रिगेट बांधली. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. ती अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. आपल्याकडच्या सागवानी तुळया, त्यांना इंग्रज खलाशांच्या झोळ्या, आणि झोळीची कल्पना कॅरिबियन बेटांवरची. तीन खंडांतली माणसं एका आकड्याला टांगलेली होती. फक्त ज्यांची कल्पना, ते त्यांत कुठं नव्हते.

ते कुठं होते? स्पॅनिशांनी त्यांना सोन्याच्या खाणींत आणि मळ्यांत जुंपलं होतं. लढायांनी, उपासमारीनं, श्रमानं माणसं मेली आणि 1518च्या अखेरीस हिस्पॅनिओला बेटावर देवीची साथ आली. ज्या घरांत खांबाखांबाला झोळ्या होत्या, ती घरंच्या घरं ओस पडली. झोळ्या मात्र जहाजं भरभरून जगभर गेल्या. ओव्हिएदो नावाच्या स्पॅनिश इतिहासकारानं 1535 साली आपल्या ग्रंथात हामाकाचं चित्र छापलं. ते आजही पाहायला मिळतं. खांब आहेत, दोऱ्या आहेत, झोळी आहे. आत माणूस नाही.

ताइनो नामशेष झाले असं पुस्तकं पुष्कळ दिवस सांगत आली. पण बहामातल्या एका गुहेत सापडलेल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या दाताचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यातून असं दिसलं की आजच्या पोर्तो रिकोतल्या लोकांच्या रक्तात तिच्या लोकांचा वारसा आहे. स्वतःला अभिमानानं ताइनो म्हणवणारी माणसं आजही आहेत. झोळी सोडून तो दाखला इतकी शतकं एका दातात जपून राहिला होता.

झोळीनं पुढं चंद्रही गाठला. जुलै 1969मध्ये अपोलो 11चे दोघे चांद्रयानात झोपायला गेले तेव्हा झोळ्या नव्हत्या. ऑल्ड्रिन जमिनीवर आणि आर्मस्ट्राँग इंजिनाच्या झाकणावर. दोघांना धड झोप लागली नाही. नोव्हेंबरात अपोलो 12 गेलं ते दोन झोळ्या घेऊन. चंद्रावर साठ किलोचा माणूस दहा किलोचाच भरतो, त्यामुळं दोरीची काळजी नव्हती. पण त्या एवढ्याशा खोलीत दोन झोळ्या शेजारी शेजारी टांगायचा प्रश्न तिथंही सुटला नाही. एक वर उभी आणि दुसरी खाली आडवी, असा तोडगा काढला. दाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्याकडं सतरंजी नव्हती."

पृथ्वीवरच्या दोन झोळ्यांसाठी मात्र 1931पासून एक उत्तम सोय आहे. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं त्या वर्षी एक गाठ प्रसिद्ध केली. जाड दोरीभोवती बारीक दोरीच्या फासाचे दोन-तीन वेढे घ्यायचे, बस्स. भार नसताना ही गाठ दोन बोटांनी मागंपुढं सरकते आणि भार पडला की जागच्या जागी घट्ट धरते. आपल्या निरगाठीला सरकणं ठाऊक नाही आणि सुरगाठीला धरणं ठाऊक नाही. हिला दोन्ही येतं. झोळीच्या दोरीवर ही घातली की माणूस आत बसण्यापूर्वी हवी तेवढी ढील देता येते आणि उतरल्यावर बदलता येते.

तेव्हा दोन झोळ्या बांधायच्या असतील तर झाडं दोनाऐवजी तीन घ्यावीत. पायथ्याचं झाड दोघांत एक असलं तरी चालतं, उशाची मात्र वेगळी असावीत. म्हणजे बोलताना तोंडं दिसतात आणि घोरताना खांदे लागत नाहीत. वजनदार माणसाची दोरी जाड झाडाला बांधावी. कोन 30 अंशांचा ठेवावा. झोळी जमिनीपासून खुर्चीइतक्या उंचीवर असावी, म्हणजे पडलंच तर वाटेल तेवढं लागत नाही. आणि शेजारच्यानं दोरी ताणायला घेतली तर वाद न घालता झोळीत तिरपं पडून डोळे मिटावेत. अर्ध्या तासात सतरंजी उलगडल्याचा आवाज येतो.