बरगी, बर्गी आणि साम्याची कसोटी

जबलपूरहून नागपूरकडे येणाऱ्या रस्त्यावर बरगी लागते. नर्मदेवरील धरणामुळे हे नाव आता दूरवर पोहोचले आहे. परंतु बंगालात नोकरी करून आलेल्या मराठी माणसाच्या कानी ते पडताच त्याला वेगळीच आठवण होते. १७४२ पासून १७५१ च्या तहापर्यंत नागपूरकर भोसल्यांचे जे स्वार बंगालवर चालून गेले, त्यांना तेथील लोक 'बर्गी' म्हणत. तो शब्द आपल्या बारगिराचा. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पुढे १७९८ मध्ये मंडला व नर्मदाकाठचा हा मुलूख त्याच भोसल्यांकडे आला. मग काय, हे गाव आपल्याच घोडदळाने वसविले, असे म्हणावयास आम्ही मोकळे! परमुलखात आपली खूण सापडल्याचा आनंद आम्हां मंडळींना इतका होतो की, पुरावा मागण्याचे भान राहत नाही. वास्तविक केवळ नाद जुळल्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. त्यासाठी जुन्या कागदांतून नावाची रूपे पाहावी लागतात.

भाषाशास्त्राने हा धडा पूर्वीच घेतला. या टापूवर एके काळी गढा-मंडल्याच्या गोंड राजांची सत्ता होती. गोंडी बोलीत हिंदी-मराठी शब्द विपुल. शेजाराने ते येणारच. पण तिचे अंक पाहावेत: रंड, मुंड, नालुंग. तेलुगूतील रेंडु, मूडु, नालुगु आठवल्यावाचून राहत नाहीत. एखादा शब्द योगायोगानेही जुळेल. अंक, सर्वनामे, प्रत्यय अशी सारी चौकट जुळते, तेव्हा मात्र नाते रक्ताचे. कॉल्डवेलने १८५६ च्या आपल्या तौलनिक व्याकरणात गोंडीला द्रविड कुळातच स्थान दिले.

परंतु नाते खरे असूनही हिशेब चुकतो, हे जबलपूरच्याच हाडांनी दाखविले. १८२८ मध्ये स्लीमनला येथे काही अश्मीभूत अस्थी मिळाल्या. त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून लायडेकरने १८७७ मध्ये 'टायटॅनोसॉरस इंडिकस' ही जाती ठरविली. मणका एका बाजूस खोलगट व दुसऱ्या बाजूस फुगीर, हे तिचे लक्षण. पुढे अर्जेंटिनात व मादागास्करात तसेच मणके निघाले आणि त्यांनाही टायटॅनोसॉरस हेच नाव मिळाले. २००३ मध्ये विल्सन व अपचर्च यांनी दाखवून दिले की, हे लक्षण एका प्राण्याचे नसून अवघ्या कुळाचे आहे. त्यावरून जाती ओळखणे म्हणजे आडनावावरून माणूस ओळखण्यासारखे. सख्खे भाऊ म्हणून मानलेले दूरचे भाऊबंद निघाले आणि नाव बाद झाले. दीर्घकाळ हरवलेला तो मूळ मणका मात्र २०१२ मध्ये कोलकात्याच्या भूविज्ञान सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला.