जुन्या बुलेटची कॅफे रेसर करायचीय? चेसीला कटर लावण्याआधी हे वाचा

रील्स बघताना एखादी तरी अशी गाडी समोर येतेच. हँडल खाली दाबलेलं, टाकी लांबुळकी, सीट एकाच माणसापुरती आणि सीटच्या मागे छोटासा उंचवटा. खाली कमेंटमध्ये दहा जणांनी विचारलेलं असतं, "भावा, खर्च किती आला?" आणि मग आपल्याला घरामागे ताडपत्रीखाली उभी असलेली काकांची जुनी बुलेट आठवते.

खर्चाचा प्रश्न बरोबरच आहे, पण त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. या गाडीवर जे काही करणार, त्यातलं परत पहिल्यासारखं काय करता येईल आणि काय कधीच नाही? नटबोल्ट खोलून केलेलं काम परत फिरवता येतं. कटर आणि वेल्डिंगने केलेलं काम सहसा फिरवता येत नाही. कागदपत्रं, सुरक्षितता आणि गाडीची किंमत, तिन्ही या एका फरकावर ठरतात.

कॅफे रेसर हा प्रकार आला कुठून?

कॅफे रेसरचा जन्म इंग्लंडमधला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली एस कॅफे सुरू झालं. ट्रक ड्रायव्हरांसाठी रात्रंदिवस चालू असणारी ही जागा होती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात ती उद्ध्वस्त झाली आणि १९४९ मध्ये पुन्हा उभी राहिली. पुढच्या काळात तरुण कामगारांच्या हातात थोडा पैसा आला, तेव्हा मोटारसायकल घेऊन ही पोरं अशा कॅफेंवर जमू लागली.

त्यांचं एकच वेड होतं, 'टन' गाठायचा. टन म्हणजे ताशी १०० मैल, आपल्या हिशोबात साधारण १६० किलोमीटर. शोरूममधली गाडी सहसा तेवढी पळायची नाही. मग पोरांनी आइल ऑफ मॅनच्या शर्यतीतल्या गाड्या बघितल्या आणि आपल्या गाडीवरचं जे जे जड आणि अनावश्यक वाटलं, ते उतरवायला सुरुवात केली. हँडल खाली घेतलं म्हणजे अंग वाकतं आणि वारा कमी लागतो. हँडल खाली गेल्यावर पाय पुढे ठेवून चालत नाही, म्हणून फूटरेस्ट मागे सरकवले. वेग घेताना अंग मागे घसरू नये म्हणून सीटला उंचवटा दिला.

म्हणजे आज जी 'स्टाइल' वाटते, तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला तेव्हा काम होतं. काही जण तर नॉर्टनच्या चेसीत ट्रायम्फचं इंजिन बसवायचे. दोन्ही नावं जोडून त्या गाडीला 'ट्रायटन' म्हणायचे.

यात आपल्या बुलेटचा काय संबंध?

संबंध आहे, आणि थेट आहे. बुलेट बनवणारी रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडच्या रेडिच गावची. पोरं गॅरेजमध्ये काय करतायत हे कंपनीने बघितलं आणि १९६०च्या दशकाच्या मध्यावर कारखान्यातूनच तशी दिसणारी २५० सीसीची कॉन्टिनेन्टल जीटी बाजारात आणली.

भारतात मद्रासमध्ये १९५५ पासून बुलेट तयार होऊ लागली होती. १९७०च्या आसपास इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण इथली बुलेट चालूच राहिली. पुढे कॉन्टिनेन्टल जीटी हे जुनं नाव भारतीय कंपनीनेच परत आणलं. २०१३ मध्ये ५३५ सीसीची आणि २०१८ मध्ये ६५० सीसीची जीटी आली.

पण घरामागे उभी आहे ती जीटी नाही. ती बहुतेक कास्ट आयर्न इंजिनची ३५० बुलेट आहे, आणि तिचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तिचं इंजिन ३४६ सीसीचं, बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. पिस्टनला वर-खाली जायला लांबचा पल्ला असतो. त्यामुळे कमी आरपीएमला ओढ जबरदस्त मिळते आणि ती ओळखीची डगडग येते. मात्र जास्त आरपीएमला पळवत ठेवण्यासाठी हे इंजिन बनलेलं नाही. बुलेटची कॅफे रेसर केली तरी ती टन गाठणार नाही. दिसेल रेसर, चालेल बुलेटच. हे आधी मान्य केलं की पुढचे बरेच चुकीचे खर्च टळतात.

रिस्टोरेशन वेगळं, कस्टमायझेशन वेगळं

गॅरेजमध्ये हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. रिस्टोरेशन म्हणजे गाडी कंपनीतून निघाली तशी परत करणं. कस्टमायझेशन म्हणजे कंपनीने दिलेलं रूप बदलणं. पहिल्यात जुना सुटा भाग शोधायला महिने जातात, दुसऱ्यात तोच भाग काढून ठेवला जातो.

जुनी गाडी कॅफे रेसर करायची असेल तर दोन्ही करावं लागतं. इंजिन, ब्रेक, वायरिंग, बेअरिंग यांचं रिस्टोरेशन आधी आणि रूप बदलणं नंतर.

गाडी १९७०च्या आधीची वगैरे असेल तर जास्तच विचार करा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यासाठी वाहन ५० वर्षांहून जुनं हवं, आणि चेसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल न करता मूळ रूपात जपलेलं हवं. अशा गाडीची चेसी कापली की तो दरवाजा कायमचा बंद होतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी बुकात नोंदलेली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालकाने परवानगी नसलेले भाग बसवून बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

आता हे आपल्या गाडीला लावून बघा.

इंजिन: आरटीओच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही.

सीट: आरसीवर आसनक्षमता दोन लिहिलेली असते. एकाच माणसाची सीट बसवली की नोंद आणि गाडी जुळत नाही. शिवाय मागे बसणाऱ्यासाठी पकडायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला साडीगार्ड नियमाने लागतं.

रंग: आरसीवर रंगाची नोंद असते. टाकीचा रंग बदलला तर नोंदही बदलून घ्या.

सायलेन्सर: मूळ सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावला की आवाज आणि दंड दोन्ही वाढतात.

आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट: फोटोत गाडी 'क्लीन' दिसावी म्हणून हे काढतात. रस्त्यावर हे लागतातच, आणि नंबरप्लेट हाय सिक्युरिटीचीच लागते.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते. म्हणजे रस्त्यावर पोलिसांनी नाही अडवलं, तरी एक दिवस इन्स्पेक्टर गाडीसमोर उभा राहणारच आहे. अपघात झाला आणि बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील, तर क्लेमही अडकू शकतो.

बोल्टवर बसणारा प्रत्येक बदल कायदेशीर असतो, असा याचा अर्थ नाही. पण तो एका दुपारी काढून मूळ भाग परत चढवता येतो. कापलेल्या चेसीला ही सोय नाही.

काम कोणत्या क्रमाने करायचं?

१. कागद बघा. चेसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी पडताळा. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. कागद नसलेली स्वस्त गाडी कितीही सुंदर बनवली तरी ती अंगणातच राहते.

२. खोलण्याआधी फोटो काढा. वायरिंग, केबलचा मार्ग, वॉशरचा क्रम, सगळ्याचे. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून वर नाव लिहा. तीन महिन्यांनी जोडताना याची किंमत कळते.

३. आधी पळू द्या, मग सजवा. पेंटिंगने सुरुवात करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण इंजिन उघडल्यावर सिलिंडर घासलेला निघाला तर बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागतो. बजेटचा मोठा वाटा तिथेच जातो. रंगावर सगळे पैसे संपवून इंजिनसाठी थांबलेल्या गाड्या जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये एका कोपऱ्यात दिसतात.

४. रबराचा प्रत्येक भाग बदला. पेट्रोलचा पाइप, कार्ब्युरेटरमधले रबर, सील. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. पाइपला भेगा पडल्या तर पेट्रोल थेट गरम इंजिनवर गळतं.

५. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर थांबा. रिकामी टाकी सुरक्षित वाटते, पण तिच्यात पेट्रोलची वाफ असते आणि ठिणगी पडली की स्फोट होतो. टाकी नीट धुऊन वाफ पूर्ण काढल्याशिवाय हे काम होऊ देऊ नका, आणि रोज टाक्यांचंच काम करणाऱ्या कारागिराकडेच द्या.

६. रंगाआधी पूर्ण गाडी एकदा जोडून बघा. खाली घेतलेलं हँडल वळवल्यावर टाकीला घासतं का? क्लचची केबल कुठे दबते का? भोक पाडायचं, ब्रॅकेट लावायचं ते याच वेळी करा. नवीन रंगावर ड्रिल चालवायची वेळ आणू नका.

७. चेसी नंबर झाका. पावडर कोटिंगचा थर जाड असतो. त्याने नंबर बुजला तर आरटीओत पेन्सिलने छाप घेताना तो उमटणार नाही. सँड ब्लास्टिंगला देतानाही त्या जागेवर टेप लावायला सांगा. नंबर दिसेनासा झाला की गाडीबद्दल संशय सुरू होतो.

कापायचा मोह होतो तो भाग

बुलेटची मूळ सीट लांब आणि चेसीचा मागचा भागही तसाच लांब. कॅफे रेसरचं आखूड शेपूट हवं असेल तर मिस्त्री म्हणतो, "मागचं कापून गोल पाइप वेल्ड करू, एका दिवसाचं काम आहे."

काम एका दिवसाचंच आहे. पण मागच्या शॉकअबचं वरचं टोक चेसीच्या याच भागाला बसतं. कापण्यात किंवा सांध्यात चूक झाली तर प्रत्येक खड्ड्याचा दणका त्या सांध्यावर येतो. तिथली तडा रंगाखाली दिसत नाही. ती कळते तेव्हा गाडी बहुतेक वेगात असते.

याला पर्याय आहे. मूळ चेसीच्या लांबीतच बसेल अशी बोल्टवर बसणारी सीट बनवून घ्या. फायबर किंवा पत्र्याचा बेस, वर रेक्झिन आणि शेवटी उंचवटा. उंचवट्याखाली चेसीचं टोक झाकलं जातं. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि तपासणीच्या दिवशी जुनी सीट परत चढते.

फूटरेस्ट मागे नेतानाही जपून. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचं तयार किट सरळ बसत नाही. जोडदांडे नव्याने बनवावे लागतात. ब्रेकच्या दांड्यात जरा जरी खेळ राहिला तरी आधीच बेताचा असलेला ड्रम ब्रेक आणखी उशिरा लागतो.

काढलेलं भंगारात देऊ नका

मूळ सीट, मडगार्ड, हँडल, सायलेन्सर, टूलबॉक्स हे सगळं तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. मुंबईत कुर्ला आणि पुण्यात जुना बाजार इथे जुने भाग शोधत फिरणाऱ्यांना विचारा. कंपनीचा मूळ पत्रा आता सहज मिळत नाही, आणि नवीन बनवलेल्या मडगार्डची जाडी आणि फिटिंग मूळ भागासारखी असेलच असं नाही. गाडी विकायची वेळ आली तर हे पोतं सोबत असलेल्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. एकाला कॅफे रेसर हवी असते, दुसऱ्याला मूळ बुलेट. तुमच्याकडे दोन्ही असतात.

शेवटचं म्हणजे बसण्याचा प्रश्न. खाली वाकलेलं हँडल मोकळ्या रस्त्यावर छान वाटतं, कारण समोरून येणारा वारा छातीला थोडा आधार देतो. सिग्नल आणि ट्रॅफिकमध्ये तो वारा नसतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. रोज ऑफिसला जायला हीच गाडी असेल, तर क्लिप-ऑनऐवजी मूळ क्लॅम्पमध्येच बसणारं, जरासं खाली वळलेलं हँडल लावा. महिनाभर चालवून बघा. पटलं तर अजून खाली जाता येईल, नाही पटलं तर चार बोल्ट खोलायचे आणि काकांचं हँडल परत लावायचं.