मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील प्रशीतक बदल

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील प्रशीतक बदल म्हणजे आर-१२ या प्रशीतक वायूसाठी बनवलेली जुनी यंत्रणा आर-१३४ए या वायूवर चालण्याजोगी करणे होय. भारतात १९८० च्या दशकातील मारुती ८०० सारख्या वातानुकूलित मोटारींच्या संदर्भात हा बदल महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

आर-१२ हे क्लोरोफ्लुरोकार्बन गटातील संयुग असून ते वातावरणात सुमारे १०० वर्षे टिकते. स्थितांबरात त्याच्या विघटनातून सुटणारा क्लोरीन ओझोनचा नाश करतो. त्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारान्वये अशा संयुगांवर निर्बंध आले. भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला. १ ऑगस्ट २००८ पासून देशातील क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन, दम्याच्या औषधी फवाऱ्यांसाठीचा अपवाद वगळता, बंद झाले.

कार्यपद्धती

केवळ नवा वायू भरणे पुरेसे नसते. आर-१२ सोबत वापरले जाणारे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते कॉम्प्रेसरकडे परत न आल्यास वंगणाअभावी कॉम्प्रेसर निकामी होतो. म्हणून पुढील कामे केली जातात :

* जुना वायू हवेत न सोडता यंत्राद्वारे सिलिंडरमध्ये जमा करणे.
* जुने तेल काढून एस्टर किंवा पॅग प्रकारचे तेल भरणे.
* ड्रायर, ओ-रिंगा आणि झिजलेले होज पाइप बदलणे.
* व्हॅक्यूम पंपाने यंत्रणेतील हवा व ओलावा काढून गळती तपासणे.
* मूळ वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्के वायू भरणे.
* नव्या वायूचे जोड बसवून तशी चिठ्ठी चिकटवणे, म्हणजे पुढील दुरुस्तीत दोन वायूंची भेसळ होत नाही.

मर्यादा

उष्ण हवेत आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा अधिक चढतो. पुण्यातील वाघोलीसारख्या भागात एप्रिल-मेच्या उन्हात, गर्दीत मोटार थांबून राहिल्यास गारवा कमी जाणवू शकतो. अशा वेळी मोठा कंडेन्सर किंवा जादा पंखा उपयोगी पडतो. स्वस्त पर्याय म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणे धोक्याचे आहे, कारण तो ज्वलनशील असून गळतीमुळे आग लागू शकते.

आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. मात्र १०० वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. त्यामुळे २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये या दुरुस्तीस मान्यता दिली.